देणगीची खतावणी

मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेने जाताना राजाबाई मनोरा दिसला, की आपल्या समाजातील वडीलधारी माणसे लहानांना त्याची कथा सांगतात. सुरतेचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे हा मनोरा उभारण्यासाठी द्रव्य दिले. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या त्या दृष्टिहीन माउलीला घंटेवरून वेळ कळावी, अशी त्यामागची भावना होती, असे सांगतात. कथेचा हा भाग लोकपरंपरेतला. कागदोपत्री जे आहे ते असे, की १८६४ मध्ये प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांसह मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला.

ही कथा मी माझ्या मुलांना सांगितली, नातवंडांनाही सांगितली. ती दाता आणि इमारत यांपाशी संपते. त्या ग्रंथालयात कोणती पुस्तके आली, ती कोणी निवडली, ग्रंथालयाचा वार्षिक खर्च कोठून भागला, हे मला कोणी विचारले नाही आणि मलाही ते कधी सुचले नाही. आपण व्यापारी माणसे. एका पोत्यामागे किती घट आली याचा जाब आपण हमालाला विचारतो. दिलेल्या दानाची घट मात्र मोजत नाही. मोजणे हे दानाच्या भावनेला कमीपणा आणणारे आहे, असे आपल्याला वाटते.

आमच्या घरात ही समजूत प्रथम हलली ती माझ्या सुनेमुळे. ती एका महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवते. सांगलीत आमचे हळदीचे अडत दुकान आहे आणि एका शिक्षणसंस्थेवर मी तीसहून अधिक वर्षे विश्वस्त आहे. चार वर्षांपूर्वी पर्युषणानंतरच्या एका सकाळी ती म्हणाली, "अण्णा, मला पीएच.डी. करायची आहे."

"कशात?"

"महाविद्यालये पैसा कोठून आणतात, कोठे खर्च करतात आणि तो निर्णय कोण घेते, यात."

मी हसलो. "त्याला पीएच.डी. कशाला, बाळ? मला विचार. मी सांगतो."

"तुम्हांला तर विचारणारच आहे," ती म्हणाली. त्या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

उच्च शिक्षणाचे धोरण आणि प्रशासन हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे, हेच आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक नसते. वैद्यकाचा, अभियांत्रिकीचा, इतिहासाचा अभ्यास विद्यापीठात होतो, हे आपण जाणतो. खुद्द विद्यापीठ हाच अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना नवी वाटते. अमेरिकेत हा विषय केव्हाच रुजला. तेथील या क्षेत्राचे एक अग्रणी अभ्यासक फिलिप ऑल्टबाख यांनी तर आपल्या डॉक्टरेटसाठी मुंबईचे विद्यार्थी निवडले होते. मुंबईतील विद्यार्थ्यांच्या राजकारणावरचे त्यांचे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या दाराशी काय चालले आहे ते पाहायला शिकागोहून एक तरुण आला. आपल्या पेढ्यांवरून कोणी उठून गेले नाही.

भारतात या विषयाचे मुख्य पीठ म्हणजे दिल्लीच्या श्री अरविंद मार्गावरील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था. साठच्या दशकाच्या आरंभी युनेस्कोच्या साहाय्याने, आशियातील शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी निघालेले केंद्र हे तिचे मूळ. २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती स्वतः पीएच.डी. देऊ लागली. पुण्यात भारतीय शिक्षण संस्था आहे, जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये ती मुंबईत स्थापन केली आणि १९७६ मध्ये ती पुण्यास आली. कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले नाईक हे १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे उदयपूरच्या जैन घराण्यातले. ते भौतिकशास्त्रज्ञ होते, केंब्रिजमध्ये रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत शिकून आले होते आणि १९६१ पासून बारा वर्षे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यांच्या आयोगाची शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पुन्हा आली आहे. कारण मधल्या चोपन्न वर्षांत तो आकडा गाठला गेला नाही. आपल्या समाजसभांतून उद्योगपतींची नावे आदराने घेतली जातात. कोठारींचे नाव मी फार थोड्या व्यासपीठांवरून ऐकले आहे.

आता आमच्या विश्वस्त मंडळाविषयी. संस्थेचे नाव येथे नको. सुनेच्या अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष चालू असताना तिने मला एक साधे काम सांगितले : पुढल्या तीन बैठकांत कोणत्या विषयाला किती वेळ गेला ते लिहून ठेवा. मी घड्याळ समोर ठेवून लिहिले. एका बैठकीत सभागृहातील तैलचित्रांचा क्रम ठरविण्यात पाऊण तास गेला. प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्यांपैकी किती विद्यार्थी दुसऱ्या वर्षापर्यंत टिकले, हा विषय प्राचार्यांनी मांडला. त्याला चार मिनिटे मिळाली, त्यांतली दोन चहात गेली. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची श्रेणी कोणती मिळाली, एवढे सर्वांना पाठ होते. ती कशाच्या आधारे मिळते, हे माझ्यासह एकालाही सांगता आले नसते. बरे, ही सारी माणसे आपापल्या दुकानात काटेकोर. त्यांच्यातला एकही जण आपल्या धंद्यातली एवढी मोठी गळती चार मिनिटांत उरकणार नाही.

या अभ्यासाचा खरा गाभा मला समजला तो एका शब्दापाशी : देणगी. आपल्या परंपरेत आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी चार दाने सांगितली आहेत. शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान. ज्याच्याजवळ आहे त्याने द्यावे आणि परत काही मागू नये. देणगी या शब्दाचा प्रवाह शेकडो वर्षे एकाच दिशेने वाहत होता, धनिकाकडून संस्थेकडे आणि संस्थेकडून विद्यार्थ्याकडे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली. त्या निर्णयाने हजारो मुले परराज्यांत न जाता अभियंते झाली, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर त्या शब्दाचा प्रवाह उलटा फिरला. आता देणगी देणारा विद्यार्थ्याचा बाप झाला आणि घेणारी संस्था. कागदावर शब्द तोच राहिला.

विधिमंडळाने हे ओळखले आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्काला मनाई करणारा कायदा केला. पुढे १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला गाजला. आडनाव आपल्या ओळखीचे. मेरठच्या या विद्यार्थिनीला कर्नाटकातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात वर्षाला साठ हजार रुपये मागण्यात आले. सरकारी कोट्यातील विद्यार्थ्याला तेच शिक्षण दोन हजारांत मिळत होते. न्यायालयाने अशी आकारणी बेकायदा ठरविली. त्यानंतर १९९३ चा उन्नीकृष्णन निकाल आला, २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाचा टी. एम. ए. पै निकाल आला, २००५ मध्ये पी. ए. इनामदार निकाल आला. हे निकाल सुनेच्या मेजावर कित्येक महिने पडलेले असत. मी वकील नाही. परंतु २००२ च्या निकालातील एका कल्पनेने मला रात्री झोप लागू दिली नाही. संस्थेने नफेखोरी करू नये, मात्र विकासासाठी वाजवी शिल्लक राखण्यास हरकत नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे.

वाजवी म्हणजे किती? हळदीच्या व्यवहारात अडत किती घ्यावी, याला बाजार समितीचा नियम आहे. त्याहून अधिक घेतली तर शेतकरी तक्रार करतो. व्यावसायिक महाविद्यालयांच्या शुल्कासाठी महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण आहे. ते संस्थेचे खर्चाचे कागद तपासून शुल्क मंजूर करते. तरीही शिल्लक कोठे जिरते, हे ताळेबंदावरून सहज कळत नाही. ती नव्या इमारतीत जाते, की अध्यापकांच्या रिकाम्या जागा भरण्यात. त्याच विश्वस्तांच्या दुसऱ्या संस्थेला कर्जाऊ जाते, की गरीब विद्यार्थ्याची फी माफ करण्यात? या प्रश्नाचे उत्तर देण्यास हिशेब समजणारा अभ्यासक लागतो. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना पुष्कळदा ताळेबंद वाचता येत नाही आणि सनदी लेखापालाला महाविद्यालय कशासाठी असते हे ठाऊक नसते. व्यापारी घरात वाढलेल्या आणि शिकवण्याचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीकडे दोन्ही असू शकते. आपल्या मुलामुलींनी हा विषय घ्यावा असे मला वाटते त्याचे कारण हे.

ज्यांच्या घरात अशी इच्छा कोणी बोलून दाखवील, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. आम्हांला त्या अडखळत कळल्या. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात आणि कमाल मुदत सहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना त्यावर दोन वर्षे अधिक. म्हणजे सुनेला वा मुलीला एकूण दहा वर्षांपर्यंत अवधी आहे, शिवाय प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. पदव्युत्तर पदवीला साधारणपणे ५५ टक्के गुण हवेत. प्रारंभी बारा ते सोळा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात संशोधनाची नीतिमत्ता हाही विषय असतो. २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, म्हणजे नेटचे, गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठी धरले जातात. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये मिळतात. तिची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे तीस वर्षे आहे आणि स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. अल्पसंख्य समाजातील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद छात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली; तिच्या आशेवर कोणी राहू नये. दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही, तशी जाहिरात दिसली तर दूर राहावे. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर वाणिज्य, व्यवस्थापन वा अर्थशास्त्र विभागातूनही या प्रश्नांकडे जाता येते. आमच्या सुनेने वाणिज्य विभागातून प्रवेश घेतला. प्रत्येक विद्यापीठाची पात्रता वेगळी, ती अर्जापूर्वीच पाहावी.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. घरच्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र नियमांत कोठेही मागितलेले नाही. प्रत्यक्षात तेच मिळण्यास अधिक काळ लागतो. मार्गदर्शक निवडताना विद्वत्तेइतकीच एक गोष्ट पाहावी. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, अशी मर्यादा आहे. ज्यांचे आठही विद्यार्थी एकाच वेळी प्रबंध लिहीत असतात, त्यांच्या दारात उभे राहण्यात वर्षे जातात.

सुनेच्या संशोधनातला दुसरा धागा आपल्या सर्वांच्या अधिक जवळचा आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैन समाजाला अल्पसंख्य म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे आपल्या संस्थांना घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदातील हक्क राष्ट्रीय स्तरावर निःसंदिग्धपणे मिळाले, आणि ठिकठिकाणी महाविद्यालयांना अल्पसंख्य दर्जा घेण्याची लगबग सुरू झाली. घटनेत पंधराव्या अनुच्छेदाचे पाचवे उपकलम ९३ व्या दुरुस्तीने आले. त्यानुसार खासगी महाविद्यालयांत अनुसूचित जाती, जमाती आणि मागास वर्गांसाठी राखीव जागांचा कायदा सरकारला करता येतो. त्यातून अल्पसंख्य संस्था वगळल्या आहेत. आमच्या बैठकीत हा दर्जा घेण्याचा ठराव आला तेव्हा समाजातील मुलांना जागा मिळतील, असे भाषणांतून सांगितले गेले. बैठक संपल्यावर जिन्यात जे बोलले गेले त्यात राखीव जागांतून सुटका हा शब्द होता. दोन्ही बोलणी मी ऐकली. माझा हातही वर होता.

सुनेने त्या वेळी एकच प्रश्न विचारला होता : अशा महाविद्यालयांत दर्जा घेण्यापूर्वीची पाच वर्षे आणि नंतरची पाच वर्षे, प्रवेश पुस्तकांत कोणती मुले वाढली आणि कोणती कमी झाली? जैन विद्यार्थी वाढले असतील तर तो हक्काचा सदुपयोग म्हणता येईल. ते वाढलेच नसतील आणि केवळ मागास वर्गांची मुले घटली असतील, तर आपण हक्क कशासाठी वापरला? उत्तर तिला आधी माहीत नव्हते, मला तर नव्हतेच. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे तैलचित्र आमच्याच सभागृहात आहे. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसविली, आणि त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या चित्राचा क्रम ठरविण्यात आम्ही वेळ घालविला होता.

घरातल्याच संस्थेवर संशोधन करणे सोपे असते, हा समज खोटा आहे. दार लवकर उघडते एवढेच. आत गेल्यावर माणसे बोलेनाशी होतात. आमचे एक जुने सहविश्वस्त, माझे बालमित्र, मला म्हणाले, "सूनबाईंना सांगा, प्रबंध लिहायचा तर प्रगतीवर लिहा." मी सांगितले. ती म्हणाली, "अण्णा, स्वाध्यायाची पाच अंगे तुम्हीच मला शिकवलीत. वाचनेनंतर पृच्छना येते. मी दुसऱ्याच पायरीवर आहे." मी गप्प राहिलो. संस्थेचे नाव प्रबंधात येणार नाही, माणसांची नावे येणार नाहीत, हे संशोधनाच्या नीतिनियमांतच आहे. गावाला मात्र कळायचे ते कळतेच. मित्राने गेल्या दिवाळीला घरी येणे टाळले.

विद्यापीठे केवळ दिल्लीहून वा मंत्रालयातून चालतात, असे आपण मानतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे नवे महाविद्यालय कोठे निघावे याचा पंचवार्षिक बृहत् आराखडा विद्यापीठच करते, आणि शिक्षणसंस्थांच्या व्यवस्थापनांचे प्रतिनिधी विद्यापीठाच्या अधिसभेत बसतात. तेथे आपल्या समाजाची माणसे आहेत. पुष्कळदा ती मोठ्या देणगीदारांपैकी असतात. त्यांच्या शेजारी या विषयात पाच-सहा वर्षे खपलेली एक व्यक्ती बसली, तर आराखड्यावर कोणते प्रश्न विचारले जातील, याचा मी अलीकडे विचार करतो.

गेल्या महिन्यात सुनेने रीतसर अर्ज दिला. तिला १९९० ते २००० या काळातील पावती पुस्तके पाहायची आहेत. संस्थेला ती कोणाला दाखविण्याचे कायद्याने बंधन आहे की नाही, यावर दोन वकिलांची दोन मते पडली. मंडळात पाच जण विरोधात होते, चार बाजूने; माझे मत तेवढे उरले होते. समसमान झाल्यास अध्यक्षांचे निर्णायक मत, आणि अध्यक्ष त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. विषय पुढल्या बैठकीवर गेला आहे.

पुस्तके आमच्याच गोदामाच्या माळ्यावर आहेत. संस्थेची इमारत दुरुस्तीला काढली तेव्हा ती मी तेथे ठेवून घेतली होती. रविवारी किल्ली घेऊन वर गेलो. हळदीच्या पोत्यांची धूळ त्यांच्यावर बसली आहे, वाळवी लागलेली नाही. अगदी वरचे पुस्तक उघडले. पहिली पावती एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या नावे आहे. गाव कवठेमहांकाळ, व्यवसाय शेती. रकान्यात "कायम निधीसाठी ऐच्छिक देणगी" असे छापलेले आहे. खाली विश्वस्त म्हणून सही माझी आहे.